आमची वाटचाल : भोसरीच्या केबल आणि कोलंबोचे डॉलर

पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीनचाकी रिक्षाच्या क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल आम्ही बनवतो. आमचा माल दुरुस्तीच्या बाजारात जातो, म्हणजे आधी स्पेअर पार्टच्या दुकानात आणि तिथून गॅरेजवाल्याच्या हातात. बाबांनी जॉबवर्कवर सुरुवात केली. आज निम्म्याहून जास्त माल देशाबाहेर जातो. त्यामुळे आमची वाटचाल सांगायची तर यंत्रांपेक्षा चलनांबद्दलच जास्त बोलावं लागतं.

पहिला तडाखा आपल्याच रुपयाचा होता. १९९१ साली देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. आयात आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने रोख मार्जिन वाढवत वाढवत २०० टक्क्यांवर नेलं. शंभर रुपयांचा माल मागवायचा तर दोनशे रुपये बँकेत अडकवून ठेवायचे. बाबा तेव्हा बाहेरून येणारी स्टीलची वायर व्यापाऱ्याकडून घेत. व्यापाऱ्यानेच हात वर केले आणि आमची दोन यंत्रं बंद पडून राहिली. त्या जुलैत ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण गेलं. १ आणि ३ तारखेला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं, आणि एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. त्या आर्थिक वर्षात देशाची वाढ दीड टक्क्याच्या आतच राहिली. पण परवान्यांचं जंजाळ सुटलं, कच्चा माल मोकळा झाला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वाढीचा दर सातच्या आसपास पोचला. आमची निर्यात त्याच वाऱ्यावर सुरू झाली.

पहिलं मोठं गिऱ्हाईक कोलंबोचं. तिथल्या पंचिकावत्ता भागात गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या एका जुन्या पेढीशी बाबांचे संबंध जुळले. श्रीलंकेत दहा लाखांहून अधिक तीनचाकी आहेत आणि त्यांत पुण्याच्या बजाजच्याच जास्त. गाडी इथली, त्यामुळे तिची केबलही इथून जाणं ओघानंच आलं.

केबल म्हटलं की लोकांना साधी तार वाटते. खरं काम तारेच्या टोकाला असतं. इनर वायरचं, म्हणजे आतल्या तारेचं, टोक फुलवायचं, ते डायमध्ये (साच्यात) धरायचं आणि त्यावर वितळलेल्या जस्ताचं निप्पल, म्हणजे तार अडकवायची छोटी गुंडी, ओतायचं. जस्त जरा थंड पडलं तर निप्पल तारेला नीट धरत नाही, आणि उतारावर क्लच दाबला की सुटतं. म्हणून प्रत्येक लॉटमधल्या काही केबल आम्ही ताण तपासायच्या पुल टेस्टवर तुटेपर्यंत ओढतो. तार तुटली तर लॉट पास, निप्पल निसटलं तर अख्खा लॉट वितळवायला परत. आता या जस्ताचा भाव लंडनच्या धातू बाजारात ठरतो, तोही डॉलरमध्ये. रुपया घसरला की निर्यातदारांची चांदी, असं जे सरसकट बोललं जातं ते आमच्यासारख्यांना पुरतं लागू होत नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ च्या पुढे गेला तेव्हा मला नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. इकडे जस्त आणि वायर दोन्ही महागलं होतं आणि कोलंबोहून निरोप आला होता, तुमचा रुपया पडलाय, आता भाव कमी करा.

२०२० च्या मार्चमध्ये श्रीलंकेने डॉलर वाचवण्यासाठी वाहनांची आयात बंद केली. नवीन रिक्षा मिळेना, तेव्हा जुन्याच दुरुस्त करून पळवायला लागल्या. लॉकडाऊन उठल्यावर आमच्या ऑर्डरी वाढल्या. त्या वाढीच्या मुळाशी भरभराट नव्हती, डॉलरचा दुष्काळ होता.

तो दुष्काळ का पडला याच्याबद्दल मला आजही तळमळून बोलावंसं वाटतं. २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन मोडलं, मग कोरोना आला. हे कुणाच्या हातात नव्हतं. पण २०१९ च्या अखेरीला व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणून तिजोरी रिकामी करणं हातात होतं. २०२१ मध्ये रासायनिक खताच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घालून भात आणि चहा दोन्ही संकटात टाकणं हातात होतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे डॉलरचा भाव दोनशे श्रीलंकन रुपयांच्या आसपास हट्टाने धरून ठेवणं. बाहेरच्या बाजारात डॉलरला त्याहून खूप जास्त मिळत असताना आखातात राबणारा माणूस बँकेतून घरी पैसे कशाला पाठवेल? तो हवालाने पाठवणार. बँकांमार्फत येणारा हा पैसा २०२० मध्ये सात अब्ज डॉलरच्या वर होता, तो २०२२ मध्ये चार अब्जांच्याही खाली आला. भाव वाचवायला निघाले आणि डॉलरच पळवून लावले.

आमच्यापर्यंत ते असं पोचलं. कोलंबोचे शेठ माल विकत होते, गिऱ्हाईक रोख देत होतं, बिलाचे रुपये त्यांनी त्यांच्या बँकेत भरलेही होते. बँक म्हणे, डॉलर आले की पाठवू. आठवडे गेले, महिने गेले. शेठनी मला विचारलं, "मॅडम, दुबईतून दुसऱ्या वाटेने पाठवू का?" मी नाही म्हटलं. निर्यातीचे पैसे बँकेच्या रीतसर मार्गानेच आले पाहिजेत, नाहीतर शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडची निर्यातीची नोंद, उघडं राहतं आणि पुढे फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, चौकशीला तोंड द्यावं लागतं. आमचा निर्यात विमा होता, पण दाव्याला वेळ लागतो आणि पगार एक तारखेला करायचे असतात. त्या काळात घरचं सोनं गहाण ठेवून मी कामगारांचे पगार केले.

७ मार्च २०२२ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने भाव सोडून दिला. मे महिन्यापर्यंत डॉलर ३६० च्या आसपास गेला. दहा हजार डॉलरचं बिल घ्या. शेठच्या हिशोबात जे २० लाखांचं होतं ते ३६ लाखांचं झालं, आणि माल तर जुन्या भावाने विकून संपलेला. १२ एप्रिलला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. पेट्रोल वर्षाच्या सुरुवातीला १७७ रुपये लिटर होतं, ते जूनअखेर ४७० वर गेलं. मग क्यूआर कोडवर कोटा आला, आणि तीनचाकीला सुरुवातीला आठवड्याला पाच लिटर. दिवसभर भाडं मारणाऱ्या माणसाने पाच लिटरमध्ये आठवडा काढायचा! महागाई सप्टेंबरात सत्तर टक्क्यांना टेकली. मंत्रालयात बसून भाव धरून ठेवणाऱ्यांच्या हट्टाची किंमत त्या रिक्षावाल्याने मोजली, याचा मला अजून संताप येतो.

शेठनी मात्र शब्द पाळला. मी बिलाची रक्कम कमी करून द्यायला तयार होते. ते म्हणाले, पूर्ण देईन, फक्त वेळ द्या. थोडे थोडे करून त्यांनी सगळे पैसे चुकते केले. भारताने त्या वर्षी श्रीलंकेला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. ती मी बातमीत वाचली तेव्हा ती मला अगदी माझी वाटली.

दरम्यान एकाच बाजारावर राहायचं नाही म्हणून नायजेरियाकडे वळलो. लागोसमध्ये आपली तीनचाकी "केके" म्हणून चालते. तिथेही सरकारी भाव वेगळा आणि बाजारातला वेगळा. जून २०२३ मध्ये सरकारी भाव सोडल्यावर डॉलर ४६० नायरांवरून (नायरा हे तिथलं चलन) साडेसातशेच्या पुढे गेला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दीड हजारावर. पण या वेळी आमची पूर्ण रक्कम आगाऊ ठरलेली होती, त्यामुळे ऑर्डरी आटल्या तरी पैसे कुठे अडकले नाहीत. आता नव्या देशात माल पाठवण्याआधी मी दोन गोष्टी पाहते. देशाचा परकीय चलनसाठा किती महिन्यांच्या आयातीला पुरेल, आणि सरकारी भाव व बाजारभाव यांत किती अंतर आहे. दुसऱ्या आकड्यावर माझा जास्त भरवसा आहे. साठ्याच्या आकड्यात न वापरता येणारी रक्कमही धरलेली असू शकते. श्रीलंकेच्या साठ्यात चीनच्या चलन अदलाबदलीचे दीड अब्ज डॉलर असेच होते.

श्रीलंका सावरली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. २०२२ मध्ये सात टक्क्यांहून जास्त आक्रसलेली अर्थव्यवस्था २०२४ मध्ये सुमारे पाच टक्क्यांनी वाढली. कर आणि वीजदर वाढवून हे झालं, ते तिथल्या लोकांनी सोसलं. २०२५ च्या सुरुवातीला वाहन आयातही पुन्हा खुली झाली.

नव्या गाड्या आल्या की जुन्यांच्या केबलची मागणी हळूहळू उतरेल हे उघड आहे. शेठनी नव्या मॉडेलच्या क्लच केबलचे नमुने मागवले आहेत. निप्पलचा आकार थोडा वेगळा आहे, डाय नवीन करावी लागेल. तिचं काम पुढच्या आठवड्यात टूलरूममध्ये लागतंय. अटी या वेळी निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे मालाची कागदपत्रं हातात देताना अशा ठरल्या आहेत.