बाबांची माकडटोपी आणि मॉन्ट्रियलची हॉकी

२०२३च्या डिसेंबरात बाबा साताऱ्याहून आमच्याकडे मॉन्ट्रियलला आले आणि चार दिवसांत घरी बसून कंटाळले. म्हटलं, आइस हॉकी दाखवू. कॅनेडियन्सची, म्हणजे इथल्या हॉकी संघाची, शनिवारची तिकिटं खिशाला परवडेनात. मंगळवारी, अगदी वरच्या रांगेत दोन मिळाली.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून बाबांनी आणलेला चिवडा आम्ही मेट्रोतच संपवला. बोनाव्हेंचर स्टेशनातून बेल सेंटरला, म्हणजे सामन्याच्या स्टेडियमला, आतल्या आत जाता येतं. तरी बाबांच्या डोक्यावर माकडटोपी होतीच. "बर्फावर खेळणारेत ना? मग?"

वर बसल्यावर पहिली दहा मिनिटं मला काहीच कळलं नाही. पक म्हणजे तीन इंच व्यासाची काळी रबरी चकती, ती शोधेपर्यंत खेळ भलतीकडे गेलेला. शेजारच्या आजोबांनी फ्रेंच मिसळलेल्या इंग्रजीत सांगितलं, पक शोधू नका, खेळाडूंची तोंडं कुठे वळतात ते बघा. तेव्हापासून दिसायला लागलं. खालच्या महागड्या रांगेत काचेवर माणसं आपटताना जवळून दिसतात, पण निळी रेघ कोण पकच्या आधी ओलांडतोय, म्हणजे ऑफसाइड, ते वरूनच नीट कळतं. हे मी स्वस्त तिकिटाचं समर्थन म्हणून सांगत नाहीये. बरं, थोडं सांगतेय.

खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, की कठड्यावरून उडी मारून आत, दुसरा बाहेर. बाबांना हे पटेना, "अंपायरला विचारत नाहीत?" पण एकाला दोन मिनिटांची शिक्षा होऊन तो काचेच्या खोक्यात एकटा जाऊन बसला, तेव्हा बाबा खूश. "आम्हाला अंगठे धरून उभं करायचे." समोरच्यांचा एक माणूस कमी, याला इथे पॉवर प्ले म्हणतात. हा शब्द क्रिकेटमुळे बाबांना पाठ, अर्थ मात्र निराळा.

वीस मिनिटांचा एक, असे तीन भाग. मधल्या सुट्टीत झांबोनी गाडी बर्फावर पाण्याचा हात फिरवत गेली. अंगण सारवल्यासारखं ओलं, चकचकीत. मी छताकडे बघत होते. स्टॅन्ली कपचे, म्हणजे इथल्या हॉकीतल्या सर्वांत मोठ्या विजेतेपदाचे, चोवीस झेंडे, शेवटचा १९९३चा. आजोबा म्हणाले, "तीस वर्षं झाली," आणि बिअरचा घोट घेतला.

दुसरा भाग संपला तेव्हा आमच्या एकाच खेळाडूचे दोन गोल झाले होते. तिसरा झाला की हॅटट्रिक, आणि मग लोक आपापल्या टोप्या बर्फावर फेकतात, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"परत देतात का?"

"नाही."

शेवटची पाच मिनिटं सगळे उभे राहून, कॅनेडियन्सच्या हॅब्ज या लाडक्या नावाने, "गो हॅब्ज गो" ओरडत होते. बाबाही ओरडत होते, दोन्ही हातांनी टोपी कानांवर घट्ट धरून. तिसरा गोल काही झाला नाही.