आमची वाटचाल : फरशीवरची कमान

२२ वर्षांपूर्वी नागपुरात दोन मिस्त्री, चार मजूर आणि भाड्याचं मिक्सर यांवर आम्ही सुरुवात केली. महाल भागातल्या एका जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटले. विटा-चुन्याची भिंत ओल घेते तशी बाहेरही सोडते. आम्ही तिची वाटच बंद केली होती. चूक आमची होती, पदरचे पैसे घालून गिलावा उतरवला.

तेव्हा चुन्याच्या कामात हयात गेलेले एक मिस्त्रीकाका भेटले. त्यांनी प्रमाण कधी तोंडी सांगितलं नाही. भिजवलेला चुना चिमटीत चोळायला द्यायचे. कच लागली की चुना परत टाकीत. न विझलेला कण भिंतीत राहिला तर पुढे कधीतरी फुगतो आणि गिलाव्याचा टवका उडतो, हे आमच्या बोटांना आधी कळलं, डोक्याला नंतर. सज्जाच्या कमानीचं ड्रॉइंग त्यांच्यापुढे धरलं तर म्हणाले, "भाऊ, कागदावर वीतभर दिसते. मले जेवढी हाय तेवढी दाखवा." खिळा, सूत आणि गेरू घेऊन त्यांनी अख्खी कमान अंगणाच्या फरशीवर उतरवली. सुताराने साचा त्या रेषेवरच मांडून कापला. पाणी भरणाऱ्या पोरालाही त्या दिवशी कमान समजली.

पुढे भोपाळजवळच्या भोजपूरला गेलो. तिथलं शिवमंदिर ११व्या शतकातलं, अर्धवट राहिलेलं. भोवतालच्या खडकांवर कारागिरांनी आराखडे कोरून ठेवलेत, दगड वर चढवायचा मातीचा उतारही शाबूत आहे. मी त्या रेषांवरून कितीतरी वेळ हात फिरवत होतो. इंग्लंडात यॉर्कच्या कॅथेड्रलमध्येही अशा रेखाटनांची प्लास्टरची जमीन टिकून आहे.

सगळीकडे मात्र असं खुलं नव्हतं. जर्मनीत रेगेन्सबर्गला १४५९ साली पाथरवटांनी नियम केला : तळाच्या आकृतीवरून उंची कशी काढायची, हे बाहेरच्याला शिकवायचं नाही. त्याच गावच्या माथेस रोरिट्झर या पाथरवटाने १४८६ मध्ये ती रीत सरळ छापली. हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

आज आम्ही १४ जण आहोत. कमान असो वा कोनाडा, आधी फरशीवर उतरतो. आमच्याकडे शिकलेल्या दोघांनी स्वतःची कामं धरली आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यातला एक मुरलेला चुना मागायला आला. दोन ड्रम भरून दिले. जाताना काकांचं सूतही घेऊन गेला.