अर्धं उत्तर

शनिवार, रात्री

"ग्रासिआस आ दिओस," देवाची कृपा, असं आज दुकानाच्या रांगेत ती म्हणाली, शाळेत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलीची आई, आणि तिचे खांदे सैल झाले. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

मी तिला खोटं सांगितलं नाही. तिने विचारलं, "माएस्त्रा (बाई), माझी मुलगी बरी आहे ना?" मी म्हटलं, फार गुणी मुलगी आहे, मन लावून अभ्यास करते, शिक्षक कौतुक करतात. तिन्ही गोष्टी खऱ्या. तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र त्यांत नव्हतं. तरी तिला ते पुरलं. मी दिलं त्याहून कितीतरी जास्त तिने घेतलं आणि निश्चिंत होऊन गेली. घरी आले, स्वयंपाक झाला, जेवणं झाली, माझ्या आईचा फोनही झाला, आणि ते सैल पडलेले खांदे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मुलीने मला काय सांगितलंय ते इथेही लिहिणार नाही. ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत, बाकीच्या गाळल्या आहेत. एवढंच नोंदवते की ते जिवावरचं नाही. कुणी तिला मारत-छळत असतं तर मला विचार करत बसायचा अधिकारच नव्हता. लगेच फोन आणि ३६ तासांच्या आत लेखी अहवाल, हा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. ती स्वतःला काही करून घेईल अशी शंका असती तर त्याच दुपारी मी आईला बोलावून घेतलं असतं. दोन्ही नाही. जे आहे ते या दोहोंच्या मधलं. सतरा वर्षांच्या मुलीने रात्र रात्र जागून एकटीने वाहायचं, आणि आईला कळलं तर आई कोलमडेल म्हणून लपवायचं, असं काहीतरी. त्या मधल्या जागेसाठी कायद्यात तासांचा हिशेब नाही.

कायदा मला पाठ आहे. बारा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या विद्यार्थ्याने समुपदेशनात सांगितलेलं खाजगी बोलणं गोपनीय राहतं. राज्याच्या शिक्षणसंहितेतलं ४९६०२ हे कलम. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय ते शाळेच्या नोंदीतही जात नाही. अपवाद ठरलेले आहेत आणि "आईने दुकानात रांगेत हात धरून विचारलं" हा त्यांत नाही. म्हणजे मी बरोबर वागले. आमच्या व्यवसायाची नीतिसंहिता वाचली तरी तेच निघतं: पहिली बांधिलकी विद्यार्थ्याशी. मात्र त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की मुलांना वाट दाखवण्याचा आईवडिलांचा जो मुळातला हक्क आहे, त्याचंही भान ठेवा. भान ठेवा म्हणजे काय करा, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आज मी भान ठेवलं का? तिला पोरीचं कौतुक ऐकवलं आणि पाठवून दिलं.

खरं सलतंय ते वेगळंच. ती एकटी होती. एरवी ती कधी एकटी नसते. नवरा लेट्यूसच्या हंगामात ॲरिझोनात युमाला गेलेला, तो आता एप्रिलपर्यंत इकडे येत नाही. ती इथे पॅकिंगला जाते आणि बाहेरच्या प्रत्येक कामाला मुलगी बरोबर लागते, कारण बाईंची भाषा त्रिकी, मेक्सिकोतल्या ओआहाकाकडची. स्पॅनिश कामापुरतं, इंग्रजी नाहीच. डॉक्टर, बँक, घरमालक, शाळेतून आलेलं पत्र, सगळं मुलगी दुसरीत असल्यापासून मुलीच्याच तोंडून. पालकसभेला मी बोलायचे, मुलगी आईला सांगायची, आई मान हलवायची. तिचं काय चाललंय हे ज्या भाषेतून आईला कळायचं, ती भाषा मुलीच्याच ताब्यात. म्हणजे आज दुकानात मी दिसले आणि मुलगी शेजारी नव्हती, तेव्हा तिने जो प्रश्न विचारला तो सहज विचारलेला नव्हता. तो किती दिवस मनात धरून ठेवला असेल. मोडक्या स्पॅनिशमध्ये, शब्द शोधत, लोकांच्या देखत. माझंही स्पॅनिश शिकून घेतलेलं. दोघींच्याही घरची नसलेली भाषा, आणि त्यात मी तिला कौतुकाची वाक्यं ऐकवली.

आईला, म्हणजे माझ्या आईला, फोनवर सहज विचारलं. नावगाव काही नाही, नुसतं विचारलं. तिचं उत्तर तयारच होतं: "पोरीच्या मनातलं आईला सांगायचं नाही, मग सांगायचं कुणाला?" तिच्याशी वाद घातला नाही. मी वाढले तेही घर असंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला कॉलेजात असताना जे झालं ते... जाऊ दे. घरातलं घरात राहिलं पाहिजे आणि घरात एकमेकांपासून काही लपता कामा नये, असे दोन नियम आमच्याकडे होते. या मुलीच्या घरीही तेच आहेत. इथल्या प्रशिक्षणात सगळा भर मुलावर, त्याच्या वैयक्तिक हक्कावर. मुलीला मात्र तो हक्क नको असतो. तिला आई हवी असते आणि आईला त्रासही व्हायला नको असतो. माझ्याकडे येऊन बोलली हाच तिच्या दृष्टीने घराशी केलेला द्रोह. खुर्चीवर टेकायच्या आधी तिने दार लागलंय ना पाहिलं होतं. आणि आज आईने मला विचारलं, एका परक्या बाईला, स्वतःच्या पोरीबद्दल. तिलाही ते सोपं गेलं नसणार. दोघीही उंबरा ओलांडून माझ्यापर्यंत आल्या, वेगवेगळ्या वेळी, आणि मी दोघींच्या मध्ये उभी आहे.

मुलगी उन्हाळ्यात अठराची होईल. मग शाळेच्या नोंदींवरचे सगळे हक्क, १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार, आईकडून तिच्याकडे जातील. वाढदिवसाच्या दिवशी. आईची काळजी त्या दिवशी कुठे जाणार?

दहा वाजून गेले. झोप येत नाहीये. नवरा ओळखतो, विचारत नाही. कधी कधी वाटतं, विचारावं. मग मी "सांगता येत नाही" म्हणेन आणि तो गप्प बसेल, पण निदान विचारलेलं असेल. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि त्यातलं काहीच घराच्या दारातून आत आणायचं नाही, हे ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. आमची जुनी काउन्सेलर होती तेव्हा निभत होतं. ओआहाकाहून आलेल्या पोरांना ती त्यांच्या आजीच्या गावावरून ओळखायची. नाव न सांगता तिला नुसतं "अशी अशी गोष्ट आहे" म्हटलं की ती चहा ठेवायची आणि अर्ध्या तासात माझा गुंता सुटायचा. ती निवृत्त झाली. तिच्या जागी कुणी आलं नाही. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी शिफारस आहे. आमच्याकडे त्याच्या आसपासही नाही. मला एकटीला हे पेलवत नाही असं वाटायला लागलंय. वाटतं, कोण लागून गेले मी त्यांची, की दोघींनी मलाच धरावं?

लिहिता लिहिता दुसरी गोष्ट आठवली. मुलीने बोलायला सुरुवात केली तेव्हा पहिलं विचारलं, "मिस, हे तुम्ही लिहून ठेवणार?"

पूर्वी मुलं हे विचारत नव्हती. शाळांच्या आवारात कारवाई टाळायची, असं इमिग्रेशन खात्याचं २०११ पासूनचं धोरण होतं. २०२५ च्या जानेवारीत ते मागे घेतलं गेलं. त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या काही शालेय जिल्ह्यांत गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढली, हे स्टॅनफर्डच्या अभ्यासात पुढे छापून आलं. आम्हाला ते रिकाम्या बाकांवरून आधीच कळलं होतं. शाळेत यायचा त्यांचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा प्लायलर खटल्याचा निकाल अजून उभा आहे, पाच विरुद्ध चार मतांनी लागलेला, टेक्सासमधल्या टायलर गावच्या मुलांचा. आम्ही कुणालाही कागदपत्रांबद्दल विचारत नाही, आणि मुलं आपणहून सांगतात तेव्हा ते कुठेही लिहीत नाही. पण हे मुलांना कसं दिसावं? त्यांना दिसतं ते माझ्या हातातलं पेन.

आणि त्यांची भीती मनची नाही. हाँडुरासहून एकट्याने आलेल्या एका मुलाने सरकारी निवाऱ्यातल्या थेरपिस्टला आपल्या लहानपणाबद्दल सांगितलं, तिथल्या टोळीने त्याच्याकडून काय काय करवून घेतलं ते. इथे सांगितलेलं गुप्त राहील, असं त्याला वाटलं होतं. ते टिपण इमिग्रेशनच्या वकिलांकडे पोचलं आणि कोर्टात त्याच्याचविरुद्ध वापरलं गेलं. २०२० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्टने ते सगळं छापलं. तो निवारा होता, शाळा नव्हती. तिथले नियम वेगळे, आमचे वेगळे. मला ते ठाऊक आहे. तरी तो लेख वाचल्यापासून मी फार कमी लिहिते. स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेली, दुसऱ्या कुणालाही न दाखवलेली टिपणं फर्पाखाली शाळेची नोंद ठरत नाहीत. एकदा कुणाला दाखवली की ठरू शकतात. आणि कोर्टाचा आदेश आला तर त्या खाजगीपणालाही मर्यादा आहे. म्हणून तारीख, वेळ, "भेट झाली", "पुन्हा भेटायचं". बाकी डोक्यात.

त्या दिवशी मी तिला हे सगळं समजावलं. काय गुप्त राहील, काय राहू शकत नाही, कोणत्या तीन-चार गोष्टी ऐकल्या तर मला कळवावंच लागेल आणि कुणाला. "कळवावं लागेल" म्हटलं की या मुलांच्या डोळ्यांपुढे एकच गाडी येते, म्हणून मी नेहमी सांगते की तो फोन बालकल्याण खात्याला जातो, इमिग्रेशनला नाही. तिने शांतपणे ऐकलं. पेन मी टेबलावर ठेवलं. मग ती बोलली.

आता हे लिहिलंय तर जरा निवळल्यासारखं वाटतंय. तिने नीट विचारून, तोलून, मगच माझ्यावर विश्वास टाकला. तिने जे तोलून दिलं ते आज मी तिला न विचारता तिच्या आईच्या ओंजळीत टाकलं असतं, तर आईला सोमवारपर्यंत बरं वाटलं असतं आणि त्या मुलीने पुन्हा कुणापुढे तोंड उघडलं नसतं. कदाचित आयुष्यात. दुकानात माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तरी ते खांदे दिसत राहणार. या नोकरीत ते दिसत राहणार, त्याला इलाज नाही, आणि दिसेनासे झाले तर मी ही नोकरी सोडलेली बरी.

पण आईला तेवढ्यावर ठेवायचं नाही, हे नक्की. ती इतके दिवस थांबून, भाषा नसताना विचारायला आली. तिला एवढं तरी सांगता आलं असतं का, की "तुम्ही तिलाच विचारा, ती तुमची वाट बघते आहे"? तेही मुलीला विचारल्याशिवाय नको.

तर सोमवारी आधी मुलीला बोलावणार. आई भेटली होती, तिने काय विचारलं, मी काय म्हटलं, जसंच्या तसं सांगणार. तिच्या पाठीमागे काही बोललं गेलंय असं तिला दुसरीकडून कळता कामा नये. मग विचारणार की यातलं कितपत आईला कळलेलं तुला चालेल. सगळं नको असेल तर एक वाक्य. ते वाक्य तिनेच ठरवायचं. हो म्हणाली तर लेखी संमती, आणि भेट माझ्या खोलीत, तिघींची.

अडचण दुभाष्याची. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने पालकांशी त्यांना समजेल त्या भाषेत बोलणं शाळेवर बंधनकारक आहे आणि मुलालाच दुभाषा करणं योग्य नाही, हे सगळं ठीक. पण आमच्याकडे त्रिकीसाठी बोलावतात ते गृहस्थ त्यांच्याच गावचे, त्यांच्याच चर्चचे. माणूस चांगला आहे, तोंडाचा पक्का आहे. तरी बाई त्यांच्यासमोर एक अक्षर बोलणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते. फोनवरून दुभाषा देणाऱ्या सेवेकडे विचारायचं, दुसऱ्या राज्यातली, शक्यतो बाई, आणि त्रिकीतली त्याच भागाची बोली जाणणारी; कोपालाची बोली आणि दुसऱ्या गावची बोली एक नाही. मिळायला आठवडा लागेल, जास्तही. तोवर मुलगी नाही म्हणाली तर तिचं नाही ऐकायचं आणि पुढच्या भेटीला पुन्हा विचारायचं.

शिवाय कॉलेजच्या मदतीच्या अर्जाची मुदत २ मार्च. तिचा जन्म इथला, तिला फॅफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज, भरता येतो, पण त्यात आईचं नाव घालावं लागतं आणि ते केंद्र सरकारकडे जातं. राज्याचा ड्रीम ॲक्टचा अर्ज पालकांच्या कागदपत्रांची अडचण असलेल्या घरांतल्या मुलांनाही भरता येतो, मात्र मग केंद्राचं पेल अनुदान हातचं जातं. मी तिला दोन्ही बाजू सांगेन, कोणता भर हे सांगणार नाही. तो निर्णय एकट्या मुलीचा नाहीच, आईचाही आहे, नाव तिचं जाणार आहे. म्हणजे त्या दोघींना एका टेबलाशी बसावंच लागणार. कदाचित अर्जाच्या निमित्ताने बसतील. सोमवारी आधी दुभाष्याचा फोन, मग मुलीला दुसऱ्या तासाला चिठ्ठी.