लहान मेंदूतले वाघाचे पट्टे

रेडिओलॉजीत काम करतो त्यामुळे मेंदूचे एमआरआय रोजचेच, आणि आपल्याकडे गाठ दिसली की टीबीची नाहीतर टेपवर्मची का हे आधी डोक्यात येतंच, बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. पण एक ट्यूमर असा आहे की एकदा नीट बघितला की कोणी विसरत नाही. लर्मिट-ड्युक्लो. फ्रान्समधल्या ह्या दोन डॉक्टरांनी 1920 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव, आणि आहे अगदी दुर्मिळ.

होतो लहान मेंदूत, सहसा एकाच बाजूला. तिथे मुळातच बारीक बारीक घड्या असतात, हा ट्यूमर त्या मोडत नाही, नुसत्या जाड करत जातो, त्यामुळे टी-टू इमेजवर (एमआरआयचा एक प्रकार, ज्यात पाणी पांढरं दिसतं) एक पट्टा पांढरा एक करडा परत पांढरा असं दिसतं, वाघाच्या अंगावर असतात तसं. शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं तरी सहसा फारसा उजळत नाही. मोठ्या माणसांतला मेडुलोब्लास्टोमा (लहान मेंदूतलाच एक कॅन्सर) क्वचित असाच दिसतो आणि तो जिवावरचा, म्हणून स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं मोजणारी एमआरआय तपासणी) करून घ्यावी, त्यात मेडुलोब्लास्टोमाचं कोलीन नावाचं रसायन चांगलंच वर जातं, ह्याचं सहसा जात नाही.

तसा लर्मिट-ड्युक्लो ग्रेड 1, म्हणजे सगळ्यात सौम्य, हळू वाढणारा. डोकं दुखणं, तोल जाणं, मेंदूतलं पाणी अडणं, हा सगळा दाबाचा त्रास.

पण मला कळकळीने सांगायचंय ते वेगळंच. मोठ्या वयात हा सापडला तर पीटेन ह्या जीनमध्ये बिघाड असू शकतो, म्हणजे काउडेन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार, आणि त्यात स्तन, थायरॉइड, गर्भाशयाचं अस्तर, किडनी इथल्या कॅन्सरचा धोका वाढतो! डोकेदुखीसाठी काढलेला एमआरआय इतकं सांगत असताना रिपोर्ट "न्यूरोसर्जनला दाखवा" एवढ्यावर थांबला तर मला फार वाईट वाटतं. जेनेटिक टेस्ट करा, थायरॉइडची सोनोग्राफी करा, बाई असेल तर स्तनांची तपासणी लवकर सुरू करा, हे लिहायलाच हवं. जीनमधला बिघाड मुलांमध्ये उतरायची शक्यता 50 टक्के असते, म्हणून पेशंटची मुलं आणि भावंडंही तपासायला हवीत.

असे पट्टे दिसले की पेशंटला दोन मिनिटं बसवून काउडेनच्या खुणा विचाराव्यात, डोक्याचा घेर लहानपणापासून मोठा आहे का, चेहऱ्यावर किंवा हिरड्यांवर बारीक पुळ्या आहेत का, घरात आई, मावशी, बहीण कोणाचं स्तनाचं किंवा थायरॉइडचं ऑपरेशन झालंय का.