आमची वाटचाल : फोटो सपाटच द्यायचा

लातूरच्या गंजगोलाईजवळ २०११ साली आम्ही दोघा भावांनी मोठे फोटो छापायचं दुकान टाकलं. चोवीस इंची प्रिंटर कर्जावर घेतला. लग्नाचे अल्बम करणारे पुष्कळ होते, आमच्याकडे यायचे ते घरातलं माणूस गेलेले लोक. डाग पडलेला पासपोर्ट फोटो खिशातून काढायचे आणि म्हणायचे, "भिंतीला लावायचाय, मोठा करून द्या."

छपाई चांगली व्हायची, अडचण पुढे होती. रोलचा कागद पुंगळीवर महिनोन्‌महिने गुंडाळलेला असतो, ते वळण त्याच्या अंगात मुरतं. रोल नवा असतो तोवर एवढं जाणवत नाही. पुंगळीजवळचे वेढे आले की प्रिंट टेबलावर कमानीसारखी उभी राहते. फ्रेममध्ये दाबून बसवली तरी मधला भाग फुगून काचेला टेकतो, आणि पावसाळ्यात तिथंच चिकटतो. औसा तालुक्यातल्या एका काकांनी वडिलांचा फोटो असाच परत आणला. कपाळ काचेला धरलेलं. काच सोडवताना शाई निघून आली. काका एक शब्द बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. नवी प्रिंट आम्ही तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. पण तीही वाकलेलीच होती, ते मला फार लागलं.

मग इस्त्री करून पाहिली. या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो. गरम इस्त्रीने त्यावर फोड आले. बारीक नळीवर उलटं गुंडाळलं, तर काळ्या भागावर नखाएवढ्या अर्धगोल घड्या उमटल्या. त्या जात नाहीत.

खरी गोष्ट कळली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. प्यायलाच पाणी नाही तिथं कूलरला कुठून घालणार? दुकानातला कूलर बंद ठेवला आणि प्रिंटा आणखी बिघडल्या. बारकाईने पाहिलं तर वळण उलट्या बाजूला होतं. पुंगळीमुळे कडा खाली वळायच्या, आता कोपरे चित्राच्या बाजूला वर उचलत होते. आमचा रोल छापायची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेला असतो, त्यामुळे हे पुंगळीचं वळण नव्हतंच. कोरड्या हवेत शाई धरणारा वरचा थर आकसत होता आणि कागदाला आपल्याकडे ओढत होता. म्हणजे दोन दुखणी होती, आणि आम्ही दोन्हींवर एकच औषध करत होतो.

पाऊस झाल्यावर पहिल्यांदा आर्द्रता मोजायचा मीटर आणला. खोलीत ४० ते ६० टक्के राहील असं बघतो. रोल वापरून झाला की प्लास्टिकच्या पिशवीत परत जातो.

पुंगळीच्या वळणासाठी शेतीच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणला. छापलेली प्रिंट आधी एक दिवस मोकळी वाळू द्यायची, ओली शाई दाबली की डाग पडलाच. मग हातमोजे घालून, चित्रावर बटर पेपर ठेवून, वळणाच्या उलट पाइपवर सैलसर गुंडाळायची. दोन-चार मिनिटांनी सोडून बघायची. थोडं वळण राहिलं तर पुन्हा. घाईने आवळलं की काम गेलंच. शेवटी दोन बटर पेपरांमध्ये, प्लायवूडखाली, वर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवून रात्रभर. भाऊ यात माझ्यापेक्षा तयार आहे. किती वेळ धरायचं ते त्याच्या हाताला कळतं.

फ्रेमवाल्यालाही सांगून ठेवलंय, काच आणि फोटोमध्ये माउंटची पट्टी घालायचीच.

रोल संपत आला की उरलेल्या वेढ्यांवर मोठी ऑर्डर छापत नाही, लहान फोटो काढतो. सपाट करायचे वेगळे पैसे लावत नाही. फक्त "आजच पाहिजे" म्हणणाऱ्याला हात जोडून परवा यायला सांगतो. ते काका मागच्या दिवाळीत आईचा फोटो घेऊन आले होते, त्यांनाही परवाच बोलावलं.