जेवण झालं की खाली

खूप दिवसांनी लिहितेय, सॉरी. मधे दोन मैत्रिणींनी विचारलं की हल्ली तू जरा बरी दिसतेस, काय करतेस काय नक्की, आणि मला पटकन सांगताच येईना कारण मी जे करते ते इतकं बारकं आहे की सांगायची लाज वाटते. मी रात्री जेवून खाली जाते. बस. बिल्डिंगला दोन-तीन फेऱ्या मारते आणि वर येते. पण त्या फेऱ्यांमुळे पुढे काय काय होत गेलं ते आज नीट लिहून काढते, म्हणजे परत कोणी विचारलं की लिंक पाठवून मोकळी.

सुरुवात एका रिपोर्टपासून. गेल्या वर्षी जानेवारीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपमधे माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ज्यांच्या घरात डायबेटिस आहे त्यांना हा आकडा लगेच कळतो, बाकीच्यांसाठी सांगते, ही मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते, ५.७ च्या आत असेल तर नॉर्मल, ६.५ झालं की डायबेटिस, आणि मधे म्हणजे उंबरठ्यावर. आई डायबेटिक, मावशी डायबेटिक, त्यामुळे धक्का वगैरे नाही बसला, 'आलीस का, ये' एवढंच वाटलं. धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. डॉक्टरांनी सहज विचारलं, झोप कशी आहे, मूड कसा असतो, आणि मी 'ठीक' म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. पंचेचाळीस वर्षांची बाई, पर्समधे भाजी निवडायची सुरी, आणि समोरचा माणूस टिश्यू शोधतोय. तसं घरी सगळं व्यवस्थित होतं हो, काहीच झालेलं नव्हतं, आणि म्हणूनच मला सांगता येत नव्हतं की काय झालंय.

मग सगळे करतात ते मी पण केलं. मनगटावर स्मार्टवॉच, दहा हजार पावलं, पहाटे पाचचा अलार्म, शिवाय नवी डायरी, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणून. आता मी राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टात, सकाळी साडेसातला घर सोडते, परत यायला पावणेआठ. पाचला उठून चालायला गेले की डबा राहतो, डबा केला की चालणं राहतं. रात्री अकराला घड्याळ म्हणायचं अजून २,३०० बाकी, की मी बेडरूम ते किचन, किचन ते बेडरूम. नवरा म्हणाला, अगं झपाटलंय का तुला कोणी. पाच-सहा आठवड्यांत घड्याळाचा चार्जर हरवला आणि मला इतकं बरं वाटलं की मी तो शोधलाच नाही. डायरी अजून आहे हं! पहिली चार पानं 'आज मी आभारी आहे' आणि पाचव्या पानापासून 'गॅस आला, दूधवाला दोन दिवस नाही, इस्त्रीवाल्याचे ७० द्यायचेत'.

आणि नंतर वाचलं तर काय, हे दहा हजार कुठल्या डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. १९६५ मधे जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. जाहिरातीचा आकडा. पुढे २०१९ मधे अमेरिकेत साधारण सत्तरीतल्या सोळा हजारांवर बायकांवर अभ्यास झाला, त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यासुद्धा २,७०० वाल्यांपेक्षा जास्त जगत होत्या आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरकच पडत नव्हता. मी स्टेशनचे जिने आणि ऑफिसपर्यंतची चाल धरून पाच-साडेपाच हजार आरामात करते. म्हणजे दीड महिना मी स्वतःला नापास करत होते ते एका जाहिरातीच्या मार्कांवर!

असो. मे महिना आला. एका रात्री जेवताना लाईट गेले, इन्व्हर्टर आदल्याच आठवड्यात बिघडलेला, घरात बसवेना म्हणून ताटं तशीच ठेवून खाली उतरले. खाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजी प्लास्टिकची खुर्ची टाकून वारा घेत बसलेल्या. मला म्हणाल्या, "शतपावली कर गो, बसू नकोस लगेच."

शतपावली. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आणि एकदम आमची गिरगावातली चाळ डोळ्यासमोर आली, कॉमन गॅलरी, आणि बनियन-लेंग्यातले बाबा हात मागे बांधून ह्या टोकाच्या नळापासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत. नळ ते जिना एकोणीस पावलं. आम्ही भावंडं गॅलरीत अंथरुणं घालायचो आणि बाबा ती ओलांडत ओलांडत चालायचे, मधेच कुणाच्या दारात थांबायचे, आतून "या, बसा" आलं की "नाही, फेरी चालू आहे" म्हणायचे आणि तिथेच दहा मिनिटं उभ्याने गप्पा. हे व्यायाम वगैरे आहे असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

सुश्रुतसंहितेतच आहे ते, जेवल्यावर सुस्ती उतरेपर्यंत राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि डाव्या कुशीवर आडवं व्हावं. सगळं पटतं, फक्त एक शंका आहे की राजासारखं बसलं तर ओटा कोण आवरणार?

आणि खरी गंमत इथेच आहे. मी जेवण झालं की लगेच खाली जायला लागले, कारण मी स्वतःला ओळखते, 'एवढं आवरून जाते' म्हटलं की संपलं, मग कपडे घड्या करणं येतं, मग सकाळची कणीक, मग मोबाईल. त्यामुळे नियम एकच ठेवला, हात धुतला की चप्पल. मग ओटा आपोआप नवरा आणि मुलगा यांच्याकडे गेला. मी मागितला नाही, भांडले नाही, फक्त मी तिथे नव्हते. पहिले पंधरा दिवस वर आले की बघवायचं नाही, शेगडीखाली शितं, फडका तसाच गोळा करून सिंकमधे, आमटीचं पातेलं झाकण न ठेवता फ्रीजमधे. तो ओटा परत न पुसणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड सवय, चालणं त्यापुढे काहीच नाही. एकदा दात ओठ खाऊन झोपले. एकदा गुपचूप रात्री बाराला उठून पुसला, खोटं कशाला बोलू. आता मुलगा माझ्यापेक्षा बरा पुसतो, शेगडी उचलून पुसतो, मी कधीच उचलत नव्हते.

आमच्या बिल्डिंगची एक फेरी १४२ पावलांची आहे. शंभर झाली की मी बरोबर मागच्या बाजूला पंपरूमपाशी असते. तिथून लिफ्टपाशी यायचं तर पुढे बेचाळीस आणि मागे शंभर, त्यामुळे माझी शंभर कधी शंभर झालीच नाहीत. आणि एक फेरी झाली की दुसरी होतेच. दहा हजारांनी मला घरात बसवलं आणि शंभरांनी बाहेर काढलं, का ते मला माहीत नाही, बहुतेक शंभरला नाही म्हणायला कारणच सापडत नाही.

साखरेचं म्हणाल तर जेवल्यावर तास-दीड तासात ती सगळ्यात वर जाते, आणि त्याच वेळेत चाललं तर पायाचे स्नायू ती रक्तातून ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटसुद्धा फारशी बघावी लागत नाही. दोन-पाच मिनिटं हळूहळू चाललं तरी फरक दिसतो. दिवाळीनंतर माझं ५.८ आलं. अजून उंबरठ्यावरच आहे, पण निदान एक पाय बाहेर. अर्थात मी चहातली साखर पण अर्धी केली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं ते देव जाणे. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून काय ते करा, माझ्या नादी लागू नका.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात म्हणतात ना, ते पण असंच. लंडनमधे ९६ जणांवर अभ्यास करून २००९ मधे छापलंय की सरासरी ६६ दिवस लागतात, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही असंही त्यात आहे. मी तर नऊ दिवस चुकवले. गणपतीला गावी गेलो, देवगडच्या बाजूला, सासूबाई म्हणाल्या रात्रीचं अंगणाबाहेर पडायचं नाही, जनावरं असतात. आणि तिथे मला कळलं की सवय लागलीये. पानावरून उठले की पाय आपले दाराकडे. खळ्यात ह्या तुळशीपासून त्या पायरीपर्यंत येरझाऱ्या घातल्या तेव्हा बरं वाटलं, तर जाऊबाई म्हणतात, काय गो, पोट दुखता काय?

पण मला खरं सांगायचंय ते सप्टेंबरच्या सोसायटीच्या मीटिंगचं. मी अकरा वर्षं त्या बिल्डिंगमधे राहते आणि एकाही मीटिंगमधे तोंड उघडलेलं नाही. तोंड उघडायचं म्हटलं की तळहाताला घाम, आवाज चिरका. कॉन्फिडन्स नाही हो मला, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे, जसं काही तो ब्लड ग्रुप आहे.

तर विषय होता टँकरचा. दर महिन्याचा खर्च वाढतोय म्हणून मेन्टेनन्स वाढवायचा. आणि मी चार महिने रोज रात्री पंपरूमवरून जात होते. मला माहीत होतं की रात्री दहा वाजून वीसच्या आसपास मागच्या पाईपातून पाणी पडायला लागतं आणि चांगलं पंधरा-वीस मिनिटं पडत राहतं, कारण वॉचमन काका त्याच वेळी मेन गेटला गाड्या लावायला असतात आणि टाकीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा, कधीचा बिघडलेला आहे. काकांनीच मला सांगितलं होतं, त्यांनी दोनदा वर कळवलं होतं. मी उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही, राहिले. म्हटलं, टाकी रोज वाहते. कमिटीतले एक काका म्हणाले, "मॅडम, बसा तुम्ही, ते टेक्निकल आहे."

आणि मी बसले नाही. म्हटलं, "काका, टेक्निकल काही नाही त्यात, पाणी खाली पडतं, माझी चप्पल भिजते. आज रात्री दहा-वीसला या माझ्याबरोबर, मी दाखवते." आवाज चिरकाच होता. तळहाताला घाम होताच. पण मला जे माहीत होतं ते तिथे कोणालाच माहीत नव्हतं, आणि हे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मागून आजी म्हणाल्या, "खरं बोलतेय ती, मी आवाज ऐकते रोज." फ्लोट बदलायला पुढे तीन आठवडे लागले, आणि मेन्टेनन्स वाढला तो वाढलाच, पण कमी वाढला.

आजींवरून आठवलं. शिकागोच्या लोकल ट्रेनमधे एक प्रयोग झाला होता, २०१४ मधे छापून आलाय. प्रवाशांना आधी विचारलं तर म्हणाले शांत एकटं बसलं तर प्रवास छान होईल, पण ज्यांना अनोळखी माणसाशी बोलायला लावलं त्यांचाच जास्त छान झाला. हे मी वाचलं आणि हसले, आमच्या लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" विचारल्याशिवाय सीट मिळत नाही, शिकागोवाल्यांनी डोंबिवली फास्ट बघायला हवी होती. पण मग जाणवलं की मी गेली दोन-तीन वर्षं हेडफोन घालून बसत होते. भाजी निवडणाऱ्या, दसऱ्याला डबा सजवणाऱ्या, हळदीकुंकू करणाऱ्या बायकांच्या मधे हेडफोन घालून. आता काढते. रोज नाही, डोकं दुखत असेल तर नाही.

आणखी एक बारीकसं, रात्री वर आले की फोन फ्रीजवर चार्जिंगला ठेवते आणि साधं गजराचं घड्याळ घेतलंय. त्याचा टिकटिक आवाज भयंकर आहे म्हणून ते पण फ्रीजवरच जातं की काय अशी परिस्थिती आहे.

सगळं छान झालंय असं समजू नका. मार्चमधे परत एक पंधरवडा असा आला की काही नको वाटायचं, तेव्हा मी ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलेल्या काउन्सेलरकडे तीनदा जाऊन आले. तिला म्हटलं मी शतपावली करते तरी असं का होतंय, तर ती म्हणाली शतपावली चालू ठेवा आणि इथेही या. बरं केलं गेले ते.

सध्या आजी नाशिकला लेकीकडे गेल्यात, पावसाळा संपेपर्यंत तिकडेच. खुर्ची वॉचमन काकांनी भिजू नये म्हणून आत पंपरूममधे उलटी करून ठेवलीये. रविवारी आजींचा फोन आला, हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट, "किती फेऱ्या?"

"दोन मारल्या आजी."

"खोटं नको बोलूस, पाऊस दाखवतायत टीव्हीवर तुमच्याकडे."

एकच मारली होती. ती पण पार्किंगमधल्या पार्किंगमधे, गाड्यांच्या मधून.