फायटरच्या अंगावरची सोनेरी धूळ

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. सोलापुरात जानेवारीची थंडी माणसाला फारशी बोचत नाही, दुपारी तर उन्हात उभं राहवत नाही. पण १२ लिटरच्या काचेच्या टँकला ही थंडी बरोबर सापडते. माझ्या फायटरच्या पाण्याचं तापमान पहाटे सहाला २१ अंश भरत होतं आणि दुपारी चारला २६. फायटर, म्हणजे बेट्टा, हा थायलंडकडचा मासा. त्याला २५ ते २८ अंशांचं पाणी लागतं आणि तेही फार न हलणारं. रोजच्या अशा चढउताराने त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि अंगावर थोडाफार असलेला परजीवी हातपाय पसरतो.

लक्षणं अशी होती: पर मिटून अंगाला चिकटलेले, मासा कोपऱ्यात आडोशाला बसलेला, अधूनमधून झटक्यात पोहून दगडाला अंग घासायचा, दाणा तोंडात घेऊन थुंकायचा. कल्ल्यांची उघडझाप मी घड्याळ लावून मोजली. नेहमी त्याची जेवढी भरायची, त्याच्या जवळजवळ दीडपट भरली. हा आकडा दुसऱ्याच्या माशाशी ताडून उपयोग नाही, म्हणून मासा धडधाकट असतानाच एकदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

शेपटीची कड जराशी विरलेली दिसली, म्हणून मी आधी ‘फिन रॉट’, म्हणजे पर सडण्याचा रोग, धरून चाललो आणि दोन दिवस नुसतं पाणी बदलण्यात घालवले. फिन रॉटमध्ये कड वेडीवाकडी झिजते आणि तिला काळसर किंवा लालसर किनार येते. इथे किनार नव्हती. शिवाय फिन रॉट झालेला मासा अंग घासत नाही. घासणं म्हणजे खाज, आणि खाज म्हणजे बहुधा परजीवी. हे आधीच सुचायला हवं होतं.

मग बॅटरीची तपासणी. खोलीतले दिवे घालवायचे, टँकचा दिवा बंद करायचा आणि बॅटरीचा झोत समोरून न मारता बाजूने तिरका, माशाच्या अंगाला घासून जाईल असा टाकायचा. डोकं आणि कल्ल्यामागचा भाग आधी बघायचा. तिथे पिठी हळद भुरभुरल्यासारखी बारीक, पिवळट-सोनेरी धूळ दिसली. हा वेल्वेट, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या परजीवीचा रोग. चकाकत्या, तांबूस रंगाच्या बेट्टात फसगत होते, कारण त्यांच्या खवल्यांनाच झळाळी असते. फरक असा की खवल्यांची झळाळी ओळीने, जाळीदार दिसते. धूळ मात्र कुठेही, खवल्यांच्या ओळी न पाळता पडलेली असते आणि परांच्या पारदर्शक भागावरही दिसते.

उपचाराआधी आणखी दोन गोष्टी नक्की केल्या. पहिली, हा ‘इक’, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, तर नाही ना. इकचे ठिपके पांढरे, मिठाच्या कणाएवढे, सुटेसुटे आणि मोजता येण्यासारखे असतात. त्याचा उपचार बराचसा सारखाच आहे, त्यामुळे तिथे चूक झाली तरी फार बिघडत नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची: हा कॉलम्नॅरिस तर नाही ना. त्यात पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा येतो किंवा तोंडाशी कापसासारखं दिसतं. हा जिवाणू आहे आणि उबेत तो जोराने वाढतो. वेल्वेट समजून कॉलम्नॅरिसच्या माशाचं पाणी तापवलं तर मासा एका-दोन दिवसांत जाऊ शकतो. पट्टा नव्हता, तोंड साफ होतं. वरून पाहिल्यावर खवले उभे राहिलेले नव्हते, म्हणजे ड्रॉप्सीही (अंगात पाणी भरून फुगण्याचा आजार) नाही.

वेल्वेटचा परजीवी पिसिनूडिनियम. तो अंगावर चिकटून काही दिवस खातो, मग गळून तळाला पडतो आणि गोळीसारखं कवच करून आत विभागत राहतो. एकाचे दोनशेच्या वर होऊ शकतात. ती पिल्लावळ पाण्यात पोहत नवा मासा शोधते आणि एक-दोन दिवसांत सापडला नाही तर मरते. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. अंगावर रुतलेला आणि कवचातला दोघेही औषधाला दाद देत नाहीत. म्हणूनच धूळ चार दिवसांत कमी दिसली तरी उपचार थांबवायचा नाही. एक फेरी पूर्ण व्हायला साधारण ६ ते १२ दिवस जातात. पाणी उबदार ठेवलं की ती लवकर उरकते. पाणी तापवायचं ते परजीवीला मारायला नाही, त्याला घाईने उघड्यावर आणायला. याच्या अंगात हरितद्रव्यही असतं, उजेडातून तो थोडं पोट भरतो. त्यामुळे अंधार हा उपचाराचाच भाग आहे.

औषधांत वेल्वेटसाठी तांबं प्रसिद्ध आहे, पण मी ते वापरलं नाही. पाण्यात ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तांबं टिकवावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासा मरतो. शिवाय क्षाराच्या पाण्यात तांबं खाली बसतं, त्यामुळे सकाळी घातलेली मात्रा संध्याकाळी तेवढीच उरेल याचा भरवसा नाही. तांबं मोजायचं किट हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये. मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टँकमध्ये फोडायची, हा आपल्याकडचा दुसरा आवडता उद्योग. परजीवीवर ती चालत नाही. आणि जिवाणूचा रोग असता तरी बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम तिला धरून ठेवतात, ती निकामी होते आणि पाणी तेवढं पिवळं होतं. देशी बदामाचं वाळकं पान चांगलं, एरवी मीही टाकतो, पण त्याने वेल्वेट जात नाही.

मी ठरवलं ते असं: ऊब, अंधार, मीठ आणि मिथिलीन ब्लू. हे सगळं वेगळ्या भांड्यात करायचं. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं.

भांडं म्हणून १५ लिटरची जुनी काचेची टाकी घेतली आणि त्यात मोजून १० लिटर पाणी भरलं. लिटरचा अंदाज चालत नाही. मोजपात्राने भरून काचेवर पट्टी चिकटवली. पाण्याची उंची १५ सेंटिमीटरच्या आतच ठेवली, कारण बेट्टा वर येऊन हवा घेतो आणि आजारी माशाला खोल टाकीत ती चढणही जड जाते. तळाला वाळू नाही, दगड नाही. गळून पडलेले परजीवी आणि घाण नळीने ओढून काढता आली पाहिजे. २५ वॅटचा हीटर आणि हळू चालणारा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). आडोसा म्हणून चहाचा एक कप आडवा. वर काच, बोटभर फट ठेवून. पाण्यावरची हवा थंड असेल तर तीही माशाला बाधते. अंधारासाठी जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून चारही बाजूंनी गुंडाळली. एवढी जाड वीण या कामाला उत्तम, उजेडाचा कवडसा येत नाही. फक्त चादरीचं टोक पाण्यात जाऊ देऊ नये. एका रात्रीत तांब्याभर पाणी ओढून जमिनीवर काढते.

तापमान २४ वरून २८ वर नेलं ते एका दिवसात, तासाला अर्ध्या अंशाहून कमी वेगाने. मीठ २ ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे १० लिटरला २० ग्रॅम जाडं मीठ. चार भाग करून दर सहा तासांनी ५ ग्रॅम, टाकीतल्याच कपभर पाण्यात पूर्ण विरघळवून. सुटा खडा टाकला तर तो तळाशी विरघळताना माशाच्या अंगाला भाजतो. चमच्याने मोजू नका. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. दहा-बारा ग्रॅम दाखवणारा काटा घरात नसेल तर किराणा दुकानातून मोजून पुड्या बांधून आणाव्यात.

दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासला तर ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. फिल्टर नाही म्हटल्यावर तो होणारच, पण आमच्याकडच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो, ही खरी अडचण. पीएच ७ ला जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या जवळजवळ दहापट ८ ला असतो. निम्मं पाणी लगेच बदललं आणि त्यानंतर मिथिलीन ब्लू सुरू केलं. एकदा पाणी निळं झालं की रंगावर चालणारी किट्स वाचता येत नाहीत, म्हणून पुढचे दिवस किट न बघता रोज ५ लिटर बदलायचेच, असा नियम ठेवला.

मात्रा २ मिलिग्रॅम प्रतिलिटर. १ टक्का द्रावणाच्या १ मिलिमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून १० लिटरला २ मिलि, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून. दुकानांत लेबल नसलेली निळी बाटली मिळते आणि ‘पाच थेंब टाका’ असं सांगतात. किती टक्क्यांचं आहे ते माहीत नसेल तर पाच थेंबांना काही अर्थ नाही. टक्केवारी छापलेली बाटलीच घ्यावी. रोजचे ५ लिटर बदलताना त्या ५ लिटरपुरतंच औषध आणि मीठ भरायचं: १ मिलि आणि १० ग्रॅम. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी मात्र साध्या पाण्यानेच भरायचं, कारण मीठ उडून जात नाही. इथे हमखास चूक होते आणि मीठ ठरल्यापेक्षा वाढून बसतं.

आता पाणी. आमच्या भागात तेव्हा नळ चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा. रोजचे ५ लिटर म्हणजे पाच दिवसांचे २५, आणि अडीअडचणीला आणखी १५. एवढं पाणी दोन बादल्यांत मावतं. खरी गडबड होते ती साठा संपल्यावर बोअरचं पाणी घातलं की. क्षार एकदम वाढतात आणि आधीच धापा टाकणारा मासा आणखी खचतो. म्हणून ४० लिटर उजनीचं, म्हणजे नळाचं पाणी वेगळं काढून त्याला घरात कुणी हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलं. नळ आला त्या दिवशीच्या पाण्यात क्लोरिन असतं. १० ग्रॅम हायपो (क्लोरिन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) १०० मिलि पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली, त्यातलं १ मिलि १० लिटरला. उघड्या बादलीत दोन-तीन दिवस राहिलेल्या पाण्याला हायपोची गरज नसते, पण झाकणाच्या टाकीतल्या पाण्यातून क्लोरिन तितक्या लवकर जात नाही, तिथे हायपो घालावाच. बदलीचं पाणी पातेल्यात उकळलेलं पाणी मिसळून २८ वर आणायचं, फरक एका अंशाच्या आत. पाणी काढण्याआधी हीटरचं बटण बंद करून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर तापलेली काच उघडी पडून तडकते.

चौथ्या रात्री वीज गेली आणि पहाटे पाणी २३ वर आलेलं. तेव्हा बाटल्यांत कोमट पाणी भरून, बूच घट्ट लावून त्या टाकीत तरंगत ठेवल्या आणि हळूहळू २७ गाठले. 

खाणं पहिले दोन दिवस बंद, नंतर दिवसाला दोन दाणे. पाच मिनिटांत खाल्ले नाहीत तर काढून टाकायचे. तपासणी रोज एकदाच: मासा हवा घ्यायला वर आला की वरून तिरकी बॅटरी, पाच सेकंद. पाचव्या दिवशी धूळ विरळ, सातव्या दिवशी कल्ल्यामागे पुन्हा थोडी. ही दुसरी पिढी, औषध हरल्याची खूण नव्हे. नवव्या दिवसापासून धूळ दिसली नाही. त्यानंतरही पाच दिवस सगळं तसंच चालू ठेवून चौदा दिवस पुरे केले. मग मीठ-औषध न घालता रोज निम्मं पाणी बदलत चार दिवसांत मीठ उतरवलं.

मूळ टँक तोवर माशाशिवाय, २८ अंशांवर, दिवा बंद ठेवून तीन आठवडे रिकामा. पोसायला मासा नाही म्हणजे परजीवी संपतो. पण फिल्टरमधले जिवाणूही उपाशी मरतात, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य आत टाकायचं आणि मासा सोडण्याच्या आदल्या दिवशी अमोनिया शून्य आहे का ते बघायचं. परजीवी आला होता बहुधा नव्या वनस्पतीबरोबर, दुकानाच्याच पाण्यात आणलेली. तिलाही माशाशिवाय बादलीत तीन आठवडे ठेवलं. जाळी आणि नळी दोन्ही टाक्यांना वेगळी. वापरून झाल्यावर गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवायची. पूर्ण वाळलं की परजीवी उरत नाही.

परत सोडताना मासा कपात घेऊन टँकचं पाणी थोडंथोडं मिसळत अर्धा तास घालवला. निळं पाणी टँकमध्ये न ओतता माशाला जाळीने उचललं. तिसऱ्या दिवशी तीन दाणे खाल्ले, पर उघडे, कल्ल्यांचा आकडा कॅलेंडरवरच्या आकड्याला येऊन मिळाला. शेपटीची विरलेली कड महिन्याभरात आपोआप भरली, नवा भाग आधी काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि रंग मागाहून चढतो. मोरीतल्या पांढऱ्या फरशीवरचे मिथिलीन ब्लूचे दोन ठिपके मात्र अजून गेलेले नाहीत. पाणी बदलताना खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरावीत.